स्टूल हलवू नये

आमच्या हॉलमध्ये एक स्टूल आहे. सागवानी, आजोबांच्या वेळचं. त्याच्या चारही पायांभोवती फरशीवर मी काळ्या मार्करने खुणा केल्या आहेत आणि स्विचबोर्डाशेजारी ‘स्टूल हलवू नये’ अशी सूचना ठळक अक्षरांत लावली आहे. तरीही गेल्या दीड वर्षात ते स्टूल हललं नाही असा एकही दिवस गेलेला नाही. बसा. चहा टाकलाय. तिथे नको हो, खुर्चीवर बसा.

प्रकरण असं आहे. दीड वर्षापूर्वी मी प्रोजेक्टर घेतला. यात चैन वगैरे काही नव्हती. चौघांनी थिएटरात जायचं तर मक्याच्या लाह्यांचं बिल तिकिटांच्या पुढे जातं, हे तुम्हीही भोगलंय. त्यापेक्षा आपल्या घरी, आपल्या लेंग्यात, आपला चहा घेत चांगले सिनेमे बघावेत आणि बघितलेल्यांपैकी चांगले चार लोकांना सांगावेत, एवढाच माझा हेतू. या दोन निरुपद्रवी इच्छांपायी मी काय काय सोसलं, ते आज तुमच्यासमोर सविस्तर मांडतो. घाईत नाही ना?

स्टुलापासून सुरुवात करतो, कारण ते गणित आहे, आणि गणितावर तरी कोणी हरकत घेणार नाही अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्येक प्रोजेक्टरचा एक ‘थ्रो रेशो’ असतो. माझ्याचा 1.2. म्हणजे चित्र जितकं रुंद हवं त्याच्या 1.2 पट अंतरावर यंत्र ठेवायचं. शंभर इंची चित्र (हे इंच तिरके मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत) रुंदीला सव्वासात फूट भरतं. गुणाकार करा. पावणेनऊ फूट. भिंतीपासून पावणेनऊ फुटांवर स्टूल, स्टुलावर प्रोजेक्टर. यात माझ्या मर्जीचा काहीच भाग नाही. आता आमच्या हॉलमध्ये भिंतीपासून पावणेनऊ फुटांवर काय आहे? स्वयंपाकघरातून बाल्कनीकडे जाणारा हमरस्ता.

हा रस्ता दिवसभर ओस असतो. रात्री नऊला सिनेमा लागला की त्यावर पंढरीच्या वाटेसारखी वर्दळ सुरू होते.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ तुम्हाला ठाऊक असेल. 1962 सालचा, डेव्हिड लीनचा. त्यात ओमर शरीफ पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग लहान पडद्यावर बघणं म्हणजे हापूस डब्यातल्या रसातून ओळखणं. अफाट वाळवंट, एक विहीर, क्षितिजावर काहीच नाही. मग एक ठिपका. मग मृगजळात थरथरणारी काळी रेघ. मग हळूहळू उंट, मग माणूस. एवढ्यासाठी त्या लोकांनी खास लांब पल्ल्याची लेन्स वापरली होती. मी श्वास रोखून बसलो होतो. ठिपका दिसला आणि त्याच क्षणी वाळवंटातून धुतलेल्या कपड्यांची बादली गेली.

“आला नाही का अजून तो?” सौ.ने जाता जाता विचारलं. मी म्हटलं, येतोय, हेच तर बघायचं असतं.

ती कपडे वाळत घालून परत आली. रेघ आता कुठे उंटाच्या आकाराला येत होती. ती पडद्यापुढे थांबली. ओमर शरीफ तिच्या पाठीवर चालू लागला. “याला म्हणावं जरा पाय उचल,” ती म्हणाली, “मला अजून चादरी घालायच्यात.”

पुढे त्या विहिरीचं पाणी परवानगीशिवाय प्यायला म्हणून ओमर शरीफ एकाला गोळी घालतो. ते मात्र तिला एकदम पटलं. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं.

आता उजेडाचा मुद्दा. प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘9000 ल्युमेन’ असं बोटभर जाडीच्या अक्षरांत छापलेलं होतं. मी वाचणारा माणूस, वाचून भारावलो. उजेड ठरलेल्या पद्धतीने मोजला की त्याला अ‍ॅन्सी ल्युमेन म्हणतात, आणि खोक्यावरचे ल्युमेन हे निव्वळ ल्युमेन असतात, हे मला मागाहून कळलं. आतल्या माहितीपत्रकात, मुंगीच्या पावलाएवढ्या टाइपात, अ‍ॅन्सी ल्युमेन 400 दिले होते. सातबाऱ्यावर दोन एकर आणि मोजणीत चार गुंठे. बरं, खोटं म्हणावं तर तेही नाही. त्यांनी दोन्ही आकडे दिलेत. मी पहिला वाचून पैसे भरले, यात त्यांचा काय दोष?

400 ल्युमेनला अंधार लागतो. नुसता दिवा बंद करून होणारा नाही, अमावास्येचा. कारण प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. उजेड टाकता येतो, काळोख टाकता येत नाही. पडद्यावर जिथे काळं दिसायला हवं तिथे यंत्र नुसतं गप्प बसतं, आणि आपली भिंत जितकी काळी असेल तितकंच काळं आपल्याला दिसतं. आमची भिंत पिस्ता रंगाची आहे. रंग निवडताना माझं मत विचारण्यात आलं होतं आणि ते विचारात घेण्यात आलं नव्हतं. पहिले दोन महिने आमच्याकडे जगभरचे नट-नट्या कावीळ उतरत आल्यासारखे दिसत. मग मी रविवार पेठेतून जाड पांढरं कापड आणून भिंतीवर ताणलं. पण कापडाखाली कालनिर्णयचा खिळा आहे. तो काढायचा नाही, असा घरचा ठराव आहे. त्यामुळे पडद्याच्या डाव्या बाजूला, साधारण छातीच्या उंचीवर, कापडाला एक टेंगूळ आहे आणि तिथे ज्याचा चेहरा येईल त्याच्या गालावर तीळ उगवतो. ओमर शरीफला तो शोभला, हे मी मान्य करतो.

हॉलच्या खिडकीबाहेर सोसायटीचा हॅलोजन होता. तो थेट पडद्यावर पडायचा. पडदे लावले तर वर फटीतून यायचा, फटीला वर्तमानपत्र चिकटवलं तर खालून यायचा. शनिवारी रात्री नऊ ते साडेअकरा सदर दिवा बंद ठेवण्याबाबत मी सेक्रेटरींना रीतसर अर्ज दिला, पोच घेतली. अर्जावर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडला. तीन आठवड्यांनी कार्यवाही झाली. हॅलोजन काढून त्या जागी एलईडी बसवण्यात आला. वीज कमी खातो आणि उजेड दुप्पट देतो. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी त्याचा उल्लेख सभासदांच्या सूचनेवरून झालेली सुधारणा असा केला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, काय करता?

तर हे झाले भौतिक त्रास. खरा अन्याय पुढे आहे.

आपल्याकडे माणूस “काहीतरी चांगलं सुचवा ना बघायला” असं म्हणतो तेव्हा तो काही मागत नसतो. “या एकदा घरी” सारखंच ते असतं. त्यावर “हो, येऊ की” म्हणायचं असतं, पिशवी भरून दारात उभं राहायचं नसतं. हे उमगायला मला एक वर्ष लागलं. तोवर मी खरोखर सुचवत राहिलो. त्याची वही आहे माझ्याकडे, दाखवतो. रकाने बघा: सिनेमा, दिग्दर्शक, साल, कोणास सुचवला, दिनांक आणि शेवटी अभिप्राय. एकूण नोंदी 61. पैकी अभिप्रायाचा रकाना 54 ठिकाणी कोरा. सात ठिकाणी भरला आहे, त्यातल्या सहा ठिकाणी ‘स्लो आहे’. राहिला एक, तो आमच्या साडूंचा.

साडूंना मी ‘किल्ला’ सुचवला होता. अविनाश अरुणचा. वडील गेलेला मुलगा, आईची कोकणात बदली, नवी शाळा, नवे मित्र, समुद्र. नावावरून त्यांना तो ट्रेकिंगचा वाटला, म्हणून त्यांनी तातडीने बघितला. दुसऱ्या दिवशी फोन आला. अभिप्रायाच्या रकान्यात मी तो शब्दशः उतरवून घेतलाय: ‘पाऊस फार आहे.’

इथे थांबलं असतं तर मी काही बोललो नसतो. चार महिन्यांनी एका मुंजीत, पंगतीत, मठ्ठ्याची वाटी हातात घेऊन हेच साडू माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “तुम्ही एवढे सिनेमे बघता, ‘किल्ला’ बघितलाय का? बघाच. पाऊस काय घेतलाय!” शेजारच्या दोघांनी लगेच नाव लिहून घेतलं. साडूंच्या सांगण्यावरून त्यांनी तो बघितलाही. मी सुचवलेला सिनेमा आवडला नाही तर त्यांचे दोन तास माझ्या नावे खर्ची पडतात आणि आवडला तर तो त्यांनी स्वतः शोधून काढलेला असतो. हिशेबाची ही पद्धत कोणत्या नियमात बसते?

‘टोकियो स्टोरी’बद्दल बोलू नये असं घरी ठरलंय. पण सौ. भाजी आणायला गेली आहे, तर सांगून टाकतो.

मिरजेहून मावशी आणि काका आले होते. डोळे तपासून घ्यायचे होते, आठ दिवसांचा मुक्काम. माणसं अगदी साधी, सोसण्यासारखी. चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर काका म्हणाले, “तुमचं ते यंत्र लावा की. काहीतरी आमच्या वयाला साजेसं.” आमच्या वयाला साजेसं, हे त्यांचे शब्द. मी वही काढली. ओझूचा ‘टोकियो स्टोरी’, 1953. जगातल्या उत्तमोत्तम सिनेमांच्या याद्यांमध्ये कायम वर असतो. त्याचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला आहे, आणि आमच्याकडे मंडळी सतरंजीवरच बसतात. डोक्यात एवढाच विचार होता, विश्वास ठेवा.

सिनेमाची गोष्ट अशी. म्हातारं जोडपं लांबच्या गावाहून टोकियोला मुलांकडे येतं. मुलगा डॉक्टर, मुलगी ब्यूटी पार्लर चालवते. दोघांनाही वेळ नाही. अर्ध्या तासात माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी कालनिर्णयचा खिळा कोणाच्या गालावर येतोय ते बघत होतो. मग मुलं आपसात खलबत करतात, आई-वडिलांना घरी ठेवून घेण्यापेक्षा स्वस्त पडेल म्हणून वर्गणी काढतात आणि त्यांना अतामी नावाच्या गावी, गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून देतात.

मावशींनी चिवड्याची ताटली खाली ठेवली.

“म्हणजे आम्हाला आता वज्रेश्वरीला पाठवणार का?”

मी हसलो. माझ्याशिवाय कोणीच हसलं नाही. काकांनी घसा साफ करून विचारलं, “शेवटी काय होतं यांचं?” आता, सिनेमाचा शेवट फोडायचा नाही हा माझा नियम. पण वडीलधाऱ्या माणसाने थेट विचारल्यावर खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, “घरी परत गेल्यावर आई जाते.”

सकाळी साडेसहाला दोघांच्या बॅगा दारात होत्या. मावशींनी सौ.ची ओटी भरली आणि माझ्याकडे बघून “सुखात राहा” म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांची तपासणी पुढे सांगलीला झाली. रिक्षा गेल्यावर मी इतकंच म्हणालो की शेवटचा अर्धा तास राहिला, तोच खरा बघण्यासारखा होता. त्यावर सौ. म्हणाली, “ती माझी मावशी होती.” गेल्या सात महिन्यांत या विषयावर झालेलं हे शेवटचं बोलणं.

चहात साखर बरोबर आहे ना?

मग मी ठरवलं, परदेशी नको. आपल्या भाषेतला, आपल्या प्रश्नाचा सिनेमा दाखवू. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. व्हेनिसला बक्षीस, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करला भारताची प्रवेशिका. यापेक्षा भक्कम कागदपत्रं मी आणखी कुठून आणणार? एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला असा आरोप, आणि त्याची तारखांमागून तारखा चालणारी सुनावणी. इमारतीतली नऊ माणसं आली. सगळी शेवटपर्यंत बसली, निदान त्यांना जो शेवट वाटला तिथपर्यंत. कारण अखेरीस न्यायालय उठतं, माणसं बाहेर पडतात, रिकाम्या खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडद्यावर काळोख होतो. सिनेमा तिथे संपत नाही. त्यापुढे न्यायाधीशांच्या सुट्टीचा प्रसंग आहे आणि, तुम्ही बघितला नसेल म्हणून जास्त सांगत नाही, सगळा सिनेमा त्या प्रसंगासाठी उभा केलाय असं म्हटलं तरी चालेल. पण काळोख झाल्याबरोबर तळमजल्यावरच्या काकांनी “संपलं वाटतं” म्हणून ट्यूबलाइट लावली. चपलांची शोधाशोध सुरू झाली. कोणीतरी ‘निकाल काय लागला?’ असं विचारलं. तिकडे भिंतीवर, चाळीस वॅटच्या उजेडात, न्यायमूर्ती सहलीला निघाले होते, आणि ते मी आणि एक चप्पल न सापडलेले गृहस्थ, अशा दोघांनीच बघितलं.

जाताना बाकीच्या आठही जणांनी एकच प्रश्न विचारला: “किती इंची आहे हो हा?”

त्यांना हवं होतं ते वेगळंच. 19 नोव्हेंबर 2023. विश्वचषकाची अंतिम लढत, अहमदाबाद. आमच्या हॉलमध्ये 23 माणसं होती. मी मोजली, कारण चहा मला करायचा होता. स्टूल त्या दिवशी चार वेळा हललं. बरं, प्रोजेक्टरवर सामना इंटरनेटवरून येतो आणि समोरच्या इमारतीत केबलवरून. त्यामुळे इकडे गोलंदाज धावत निघालेला असायचा आणि तिकडून ‘अरेरे’ असा सामुदायिक उसासा ऐकू यायचा. आम्ही 23 माणसं प्रत्येक चेंडूचं भविष्य आधीच जाणत होतो. भारत 240 वर आटोपला, पुढे ट्रॅव्हिस हेडने 137 केल्या, आणि सामना संपल्यावर उठता उठता कोणीतरी म्हणालं, “घरच्या टीव्हीवर बघत होतो तेव्हा सलग दहा जिंकलो होतो.” उघड आरोप असा काही नव्हता. पण सगळ्यांनी एकदा प्रोजेक्टरकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

29 जून 2024 ला, टी-ट्वेंटीच्या अंतिम सामन्याला, आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. मला निरोप होता की मीही बघू नये. देशाचा प्रश्न होता. मी आत जाऊन पांघरूण घेऊन पडलो. भारत सात धावांनी जिंकला. फटाके मी ऐकले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी माझा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले.

लहानपणी गणपतीत आमच्या वाड्याबाहेर रस्त्याच्या मधोमध सिनेमाचा पडदा बांधायचे. एका बाजूला पुढची जागा मिळालेले आणि दुसऱ्या बाजूला, पडद्यामागे, आम्ही. मागून चित्र उलटं दिसतं. मी दहा वर्षांचा होईपर्यंत मराठीतले सगळे नायक डावखुरे असतात अशी माझी ठाम समजूत होती. त्या पडद्यालाही वाऱ्याने पोट यायचं, मध्येच रीळ तुटायचं, कुत्री पुढून जायची. पण कोणी इंच विचारत नसे. ‘तुम्हीच निवडलात ना हा?’ असंही कोणी ऑपरेटरला म्हणत नसे.

असो. तुम्हाला बोलावलं ते यासाठी की येत्या शनिवारी रात्री नऊला मी ‘संत तुकाराम’ लावतोय. 1936, प्रभात, दामले आणि फत्तेलाल. विष्णुपंत पागनीस तुकाराम. माझ्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, हा बनला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबांसाठी बघा असं मी म्हणत नाही, ते सगळेच म्हणतात. जिजाईसाठी बघा. गौरीने केलीय. पोरगं आजारी, घरात दाणा नाही आणि नवरा अभंगात. तेव्हा ती बाई देवळात जाऊन हातात पायताण घेऊन थेट विठोबाला जाब विचारते. तक्रार कशी करावी हे मला त्या प्रसंगाने शिकवलं. चित्र चौकोनी येईल, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील. त्या काळी सिनेमे तसेच असत, माझ्या यंत्रात बिघाड नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

अडचण एकच आहे. स्टूल ठेंगणं पडतं, त्यामुळे प्रोजेक्टरचं नाक वर करावं लागतं, आणि त्यासाठी नेमक्या जाडीचं घरात एकच पुस्तक सापडलं: कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. मागच्या वेळी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला निघाले आणि नेमकं त्याच वेळी सौ.ला अनारशाचं प्रमाण बघायचं होतं. विमान सरळ शोकेसवर उतरलं.

तर शनिवारी या. पायऱ्यांवर आता एलईडीचा भरपूर उजेड असतो, धडपडायचं भय नाही. काळोख झाला तरी दिवा लावू नका. अनारसे, अळूवडी, जे काही विचारायचं असेल ते सौ.ला नऊच्या आत विचारून घ्या. आणि नाक वर केलं की चित्र वर रुंद होतं, ते सरळ करताना थोडं आक्रसतं, म्हणून एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका: शंभर नाही, ब्याण्णव इंची आहे.